टीकाकार वक्त्याला कसे ऐकावे

कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनात सायंकाळी सहाला व्याख्यान असले, की साडेपाचपासूनच ठरलेले चेहरे दिसू लागतात. पुढच्या दोन रांगा निमंत्रितांसाठी राखलेल्या असतात, त्यांच्यामागे निवृत्त शिक्षक, वकील आणि चळवळीतले जुने कार्यकर्ते बसतात, आणि दाराजवळ घड्याळावर डोळा ठेवून विद्यार्थी उभे असतात. प्रास्ताविक, स्वागत आणि ग्रंथभेट उरकल्यावर वक्ता दीड तास समाजावर आणि राज्यकर्त्यांवर कठोर टीका करतो, ठरल्या जागी टाळ्या पडतात, आभार मानले जातात आणि बाहेर चहाच्या गाड्यावर "आज काय सोलून काढलं!" एवढ्या एका वाक्यात सगळ्या व्याख्यानाचा निकाल लागतो. मी स्वतः जवळजवळ तीस वर्षे हेच करीत आलो. कीर्तनाला जाणाऱ्याने बुवांचे म्हणणे तपासावे अशी कोणाची अपेक्षा नसते, त्याला श्रवणाचे पुण्य पुरते. टीकाकाराचे व्याख्यानही आपण त्याच रीतीने ऐकत आलो आहोत, हे ध्यानात आल्यावर आम्ही सहा-सात जणांनी ऐकण्याची एक वेगळी रीत बसवली. ती येथे लिहून ठेवतो. कोल्हापुरात अशा वक्त्यांची आणि व्याख्यानमालांची वाण नाही, त्यामुळे ज्याला ही रीत वापरून पाहायची आहे त्याला फार वाट पाहावी लागणार नाही.

घरातून निघण्यापूर्वी

वक्त्याविषयी तासभर वाचन करून जावे. त्याची सगळी पुस्तके वाचण्याची गरज नाही. त्याचा एक जुना लेख आणि एक ताजा लेख पुरतो. दहा वर्षांपूर्वी तो काय म्हणत होता आणि आज काय म्हणतो, यातला फरक टिपून ठेवावा. मत बदलणे हा दोष नव्हे, परंतु मत का बदलले हे वक्त्याने कोठे सांगितले आहे का, हे पाहण्याजोगे असते. ज्याने आपली चूक एकदा तरी छापून कबूल केली आहे, त्याच्या टीकेला मी दोन गुण अधिक देतो.

दुसरे असे की वक्ता कोणाच्या वतीने बोलतो आणि ज्यांच्या वतीने बोलतो त्यांचे त्याच्याशी नाते काय, हे विचारावे. हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून आले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्राने नकार कळवला आणि त्याचे कारणही सांगितले: जे लोक माणसांचे हक्क खुल्या दिलाने द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. पददलितांच्या हालांविषयी लिहिणारा त्या हालांपासून किती दूर बसला आहे, याची ही तपासणी आजच्या प्रत्येक विचारवंताला लावता येते. मात्र ती लावताना एक पथ्य पाळावे. दूर बसलेल्याचे म्हणणे केवळ तो दूर आहे म्हणून खोटे ठरत नाही. त्याला काय दिसले नसेल याचा अंदाज मात्र आपल्याला येतो.

व्याख्यानाचा खर्च कोण करते, हेही पाहावे. येथे आपण फार सोवळे होऊ नये असे माझे मत आहे. सभागृहाचे भाडे, वक्त्याचा प्रवास आणि ध्वनियंत्रणा फुकट होत नाहीत, आणि सहकारी संस्था, बँका व पुढारी यांच्या देणगीशिवाय आपल्या भागातले फारसे कार्यक्रम होत नाहीत. प्रश्न एवढाच असतो, की यजमान समोर बसलेला असताना वक्ता काय वगळतो. १९७५ साली, आणीबाणी चालू असताना, शेजारच्या कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष तेव्हाचे केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि अध्यक्षपदी दुर्गा भागवत होत्या. त्यांनी त्याच व्यासपीठावरून आणीबाणीच्या विरोधात भूमिका घेतली आणि पुढे त्यांना अटकही झाली. यजमानाचे आतिथ्य घेऊन यजमानाच्या सत्तेविषयी बोलता येते, याचा हा आपल्याच भागातला पुरावा आहे. ज्या व्याख्यानात दिल्लीवर, मुंबईवर आणि अमेरिकेवर टीका होते, पण जिल्ह्यातल्या एकाही गोष्टीला हात लागत नाही, तेथे वहीत एक छोटी खूण करून ठेवावी.

'विचारवंत' या शब्दाचे हल्ली काय झाले आहे, तेही जाता जाता सांगतो. 'तथाकथित' हे विशेषण त्याला असे चिकटले आहे, की काही लोक तो शिवी म्हणूनच वापरतात, आणि दुसरीकडे निमंत्रणपत्रिकांवर तो पदवीसारखा छापला जातो. श्रोत्याने दोन्हींकडे दुर्लक्ष करावे. सार्वजनिक प्रश्नावर कारणे देऊन जाहीरपणे बोलणारा आणि आपल्या बोलण्याची जबाबदारी घेणारा माणूस, एवढाच अर्थ मनात धरून सभागृहात जावे.

वहीचे तीन भाग

सभागृहात वही न्यावी. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणारे पुष्कळ असतात, पण मुद्रण केले की ऐकणे पुढे ढकलले जाते आणि ते मुद्रण पुन्हा कोणी ऐकत नाही, असा माझा अनुभव आहे. वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन भाग करावेत. पहिल्या भागात 'घडले ते', दुसऱ्यात 'का घडले ते' आणि तिसऱ्यात 'काय असावे ते' असे मथळे द्यावेत. वक्त्याचे प्रत्येक महत्त्वाचे वाक्य यांपैकी कोणत्या भागात जाते, हे ठरवत लिहीत जावे. सुरुवातीला हात अडखळतो, कारण चांगला वक्ता ही तिन्ही वाक्ये एकाच श्वासात बोलतो आणि त्यातच त्याच्या वक्तृत्वाचे यश असते.

एक उदाहरण सविस्तर घेतो. महापुराविषयी बोलताना अनेक वक्ते असे म्हणतात: "कर्नाटकाने अलमट्टी धरण बांधून कोल्हापूर बुडवले आणि आपले राज्यकर्ते गप्प बसले." सभागृहात बसलेल्या प्रत्येकाने २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेले असतात, त्यामुळे या वाक्याला टाळी हमखास पडते. आता हे वाक्य वहीत उतरवून पाहू. पहिल्या भागात पूर जातो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. याविषयी वाद नाही. 'अलमट्टीमुळे' हा शब्द दुसऱ्या भागात जातो आणि तेथे काम सुरू होते. २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली होती; तिच्या अहवालाने अलमट्टीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागे साठून राहणाऱ्या पाण्याला, पुराचे कारण मानले नाही आणि अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. त्याच वेळी अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकाच्या प्रस्तावाला महाराष्ट्र शासनाचा विरोध आहे. वरवर पाहता या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण आहे त्या उंचीचा परिणाम आणि वाढवलेल्या उंचीचा संभाव्य परिणाम हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि वक्ता कोणत्या प्रश्नाविषयी बोलतो आहे हे त्याने सांगितलेच पाहिजे. समितीचे म्हणणे अंतिम समजावे असे मी सुचवत नाही. अहवालांवरही टीका होऊ शकते आणि झालेली आहे. परंतु ज्या वक्त्याने अहवालाचा उल्लेखच केला नाही, त्याने आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितली.

'राज्यकर्ते गप्प बसले' हे वाक्य तिसऱ्या भागाचे आहे, कारण त्यात राज्यकर्त्यांनी काय करायला हवे होते याची एक कल्पना गृहीत धरलेली आहे. ती कल्पना कोणती? शेजारच्या राज्याविरुद्ध दावा लावणे, की पुराचे पाणी कोठवर येते ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या आतली बांधकामे थांबवणे? पहिली मागणी केल्याने कोल्हापुरात कोणाचेही नुकसान होत नाही. दुसरी केली, तर सभागृहातल्याच काहींचे प्लॉट, काहींचे गाळे आणि काहींच्या मंगल कार्यालयांचे व्यवहार अडचणीत येतात. टीका कोणत्या दिशेने वळली की ऐकणाऱ्यांना सोयीची होते, हे वहीच्या तिसऱ्या भागावरून जितके स्पष्ट दिसते तितके कोठेच दिसत नाही.

सगळे व्याख्यान असे उतरवून घेणे शक्य नसते. चार-पाच मुख्य विधाने पकडली तरी पुष्कळ झाले. विनोद, शेर आणि महापुरुषांची अवतरणे लिहून घेऊ नयेत. ती चहाच्या गाड्यापर्यंत आपोआप पोहोचतात.

प्रश्न विचारण्याविषयी

प्रश्नोत्तरांना वेळ असेल, तर एका मिनिटात आणि एकाच वाक्यात प्रश्न विचारावा. आपल्याकडे प्रश्नाच्या नावाखाली दुसरे व्याख्यान देण्याची मोठी परंपरा आहे आणि ती आपल्या पिढीबरोबर संपावी अशी माझी फार इच्छा आहे. सर्वांत उपयोगी प्रश्न असा असतो: "आपले म्हणणे चुकीचे आहे, हे आपल्याला कोणती गोष्ट दिसल्यावर पटेल?" प्रामाणिक टीकाकार याला उत्तर देतो, कारण त्याने तो विचार आधीच केलेला असतो. वक्त्याला कोंडीत पकडण्यासाठी विचारलेले प्रश्न टाळावेत. त्यांनी विचारणाऱ्याचे समाधान होते आणि बाकीच्या दोनशे लोकांचा वेळ जातो. चिठ्ठीवर प्रश्न मागवले जात असतील, तर चिठ्ठीखाली नाव लिहावे. निनावी चिठ्ठी सूत्रसंचालकाला सहज बाजूला ठेवता येते.

आकडा आणि आदेश यांच्या मुळाशी जाणे

व्याख्यानानंतर आठवड्याच्या आत एक तरी विधान मुळापर्यंत तपासावे. एकच घ्यावे, पण शेवटपर्यंत न्यावे. याविषयी माझी स्वतःची फजिती सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एका वक्त्याने आरक्षणाच्या वादावर बोलताना असे सांगितले, की ५० टक्क्यांची मर्यादा खुद्द शाहू महाराजांनीच घालून दिली होती. वाक्य डौलदार होते आणि कोल्हापूरकर म्हणून मला ते आवडलेही. पुढे एका घरगुती कार्यक्रमात मी तेच ठासून सांगितले, तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेने शांतपणे विचारले, "भाऊ, तो आदेश तुम्ही वाचलाय का?" मी वाचला नव्हता.

तो आदेश २६ जुलै १९०२ चा आहे. महाराज त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. आदेशात असे म्हटले आहे, की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात, आणि ज्या कचेऱ्यांत या वर्गांचे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी आहे तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, तेही तेथे सांगितले आहे: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व. म्हणजे महाराजांचे ५० टक्के ही किमान पायरी होती. तेथपर्यंत पोहोचेतोवर नेमणुकांचा ओघ एकाच बाजूला वळवलेला होता. आज चर्चेत असलेली ५० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी खटल्यात १६ नोव्हेंबर १९९२ ला दिलेल्या निकालातून आली आणि ती कमाल मर्यादा आहे. आकडा तोच आहे आणि अर्थ उलटा आहे. कोणाला आजची मर्यादा योग्य वाटेल, कोणाला अयोग्य वाटेल, तो वाद निराळा आणि कायदेशीर आहे. पण महाराजांची साक्ष त्या मर्यादेच्या बाजूने काढता येत नाही, एवढे तो आदेश वाचल्यावर समजते.

त्याच आदेशात शेवटी एक ओळ आहे, जिच्याकडे वक्त्यांचे सहसा लक्ष जात नाही. आदेश निघाल्यानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तिमाही तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावा, असे तीत सांगितले आहे. मला ही ओळ बाकीच्या आदेशाइतकीच महत्त्वाची वाटते. समाजव्यवस्थेवरची टीका राज्यकारभारात उतरवायची, तर तिच्या अंमलाची मोजदाद कोण करणार आणि किती दिवसांनी करणार, हे महाराजांनी पहिल्या दिवशीच ठरवले होते. एखादा वक्ता मोठ्या बदलाची मागणी करतो, तेव्हा या ओळीची आठवण ठेवून विचारावे: तिमाही तक्ता कोण देणार?

मूळ कागद मिळवणे कोल्हापुरात अवघड नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात संदर्भविभाग आहे, आणि शाहू महाराजांच्या कागदपत्रांचे खंड विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने प्रसिद्ध केलेले आहेत. चालू कारभाराविषयीचा दावा असेल, तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे संबंधित कार्यालयावर बंधनकारक असते. उत्तर नेहमीच वेळेवर येते असे नाही. त्यासाठी पहिले अपील असते, आणि दुसरेही.

उत्तर वाचल्याशिवाय टीका वाचून होत नाही

ज्याच्यावर टीका झाली त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचावे. वक्त्याने प्रतिपक्षाचा जो सारांश सांगितलेला असतो, त्यावर विसंबू नये. याचा आदर्श डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिला आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी जातिसंस्थेवरचे भाषण लिहिले. त्यातला मजकूर आयोजकांना पचेना आणि बाबासाहेब एक स्वल्पविरामही बदलायला तयार नव्हते, त्यामुळे परिषदच बारगळली आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख आपल्याच पुस्तकात छापले आणि त्यांच्यापाठोपाठ आपले उत्तर दिले. वाचकाला दोन्ही बाजू एकाच मुठीत मिळाव्यात, याची ही व्यवस्था होती. आपल्याला आवडणाऱ्या वक्त्याच्या पुस्तकात विरोधकाचे म्हणणे किती पानांवर आणि कोणाच्या शब्दांत आले आहे, हे एकदा मोजून पाहावे.

आम्ही एक नियम केला आहे. व्याख्यानाचा सारांश दोनशे शब्दांत लिहायचा आणि तो वक्त्याशी सहमत नसलेल्या माणसाला दाखवायचा. त्याचबरोबर विरोधी बाजूचा सारांशही लिहायचा आणि तो त्या बाजूच्या माणसाने 'होय, आमचे म्हणणे हेच आहे' असे कबूल करेपर्यंत सुधारायचा. हा दुसरा सारांश फार त्रास देतो. आमच्यातल्या एका वकील मित्राला तो चार वेळा लिहावा लागला, आणि दुसऱ्यांच्या बाजू मांडणे हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे.

टीका आपल्या दारापर्यंत आणणे

या रीतीतला सर्वांत अवघड भाग आता येतो. वक्ता देशाविषयी बोलत असतो, ऐकणारा मात्र एका पेठेत, एका घरात, एका जातीत राहत असतो. व्याख्यानातले मुख्य विधान आपल्या जिल्ह्याला, मग आपल्या पेठेला आणि शेवटी आपल्या घराला लावून पाहावे.

कोल्हापूर स्वतःला पुरोगामी म्हणवते आणि त्याला आधारही आहे. १९१७ साली येथे सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आणि विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. जिल्ह्यातल्या माणगावला मार्च १९२० मध्ये बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी तरुण आंबेडकर होते आणि शाहू महाराज तेथे स्वतः उपस्थित राहिले. बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीतच, १९५० साली, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि त्याच्या जोडीला जोतीरावांचाही. व्याख्यानांच्या प्रास्ताविकात ही यादी इतक्या वेळा येते, की आमच्यातल्या काहींना ती पाठ आहे.

या यादीशेजारी दुसरा एक आकडा ठेवावा. २००१ च्या जनगणनेत राज्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. कोल्हापूर जिल्ह्यात त्या ८३९ होत्या. स्त्रियांच्या स्थितीवरचे व्याख्यान ऐकताना आपण ज्या समाजाविषयी हळहळतो तो दूर कोठेतरी, उत्तरेत असल्यासारखा ऐकतो, आणि हा आकडा मात्र आपल्या सोनोग्राफी केंद्रांचा, आपल्या शेतीच्या वाटण्यांचा आणि आपल्या सुशिक्षित घरांचा असतो. एखादी परंपरा अभिमानाने सांगितली जाते, तेव्हा तिच्या वारसांचा हिशेब कोणी मागत नाही. तो मागणारा श्रोता सभागृहात फारसा आवडता राहत नाही, हे अनुभवाने सांगतो.

त्याच जिल्ह्यातली दुसरी घटनाही तितकीच खरी आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. शंभर-दीडशे वर्षे सुधारकांनी केलेली टीका एका ग्रामपंचायतीच्या ठरावबुकात चार ओळींत उतरली. व्याख्यान ऐकून परतल्यावर आपल्या सोसायटीच्या, तालमीच्या किंवा मंडळाच्या पुढच्या बैठकीत कोणता ठराव मांडता येईल, असा एक प्रश्न वहीच्या शेवटी लिहावा. बहुतेक वेळा ती जागा कोरी राहते. माझ्या वहीत ती पुष्कळदा कोरी आहे.

आपल्या बाजूच्या वक्त्याला तर दुप्पट काटेकोरपणे ऐकावे. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी असा इशारा दिला होता, की धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात भक्ती किंवा व्यक्तिपूजा ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. हा इशारा आपण नेहमी दुसऱ्यांच्या नेत्यांना लावतो. सत्तेवर टीका करणाऱ्या विचारवंताचेही भक्त होता येते, आणि त्या भक्तांना आपण भक्त आहोत हे कळायला फार वेळ लागतो.

सोप्या मराठीत सांगून पाहणे

तपासून झालेले विधान आपल्या घरातल्या किंवा कामावरच्या अशा माणसाला सांगून पाहावे, ज्याला व्याख्यानांची आवड नाही. 'वर्चस्ववाद', 'नवउदारमतवाद', 'अस्मितेचे राजकारण' हे शब्द न वापरता सांगता आले, तर ते आपल्याला समजले असे धरायला हरकत नाही. या बाबतीत कोल्हापूरने ज्यांच्याकडून शिकावे ते कॉम्रेड गोविंद पानसरे. त्यांची शिवाजी महाराजांवरची १९८८ साली आलेली छोटी पुस्तिका मुळात एका भाषणातून तयार झाली, तिचे शीर्षकच 'शिवाजी कोण होता?' असा एक साधा प्रश्न आहे, आणि ती कामगारांच्या, विद्यार्थ्यांच्या हाती लाखाच्या संख्येने पोहोचली. वकिली, कामगार संघटना, टोलविरोधी आंदोलन आणि व्याख्यानमाला यांत ते एकाच भाषेत बोलत. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून परत येताना त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर घराजवळ गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीला मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर या शहरात 'मतभेद' हा शब्द हलक्या हाताने वापरता येत नाही. म्हणून आमच्या रीतीत एक गोष्ट ठरलेली आहे: वक्त्याच्या म्हणण्याला कितीही कडाडून विरोध असला, तरी त्याच्या जातीवर, घरावर, दिसण्यावर किंवा हेतूवर एक शब्दही बोलायचा नाही. जो बोलेल त्याचा त्या दिवसाचा चहा आणि बोलण्याची पाळी दोन्ही रद्द. हा नियम आतापर्यंत तीनदा लागू करावा लागला आहे आणि त्यांपैकी एकदा तो मला लागला.

गट किती मोठा असावा

एकट्याने हे सगळे टिकत नाही. सहा-सात जण पुरेत. दहांच्या वर गेले की पुन्हा व्याख्यानच सुरू होते. गटात एकमेकांशी न पटणारे किमान दोघे असावेत आणि पंचविशीच्या आतले एक-दोघे तरी असावेत, नाहीतर जुन्या आठवणींचा फड जमतो. महिन्यातून एकदा दीड तास बसावे. प्रत्येकाने आपला सारांश आणि तपासलेले एक विधान वाचून दाखवावे. अध्यक्ष, सत्कार आणि आभारप्रदर्शन ठेवू नये. विषय निवडताना पाळी लावावी, म्हणजे एकाच्या आवडीचे वक्ते सतत येत नाहीत.

बैठकीच्या शेवटी वक्त्याला एक पत्र लिहावे. त्यात कौतुकाला एक ओळ पुरते. बाकीच्या पत्रात आम्ही आपले कोणते विधान तपासले, आम्हाला काय आढळले आणि कोठे आम्ही अडलो, हे संदर्भासह लिहावे आणि सर्वांनी सह्या कराव्यात. आम्ही पाठवलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना उत्तर आले नाही. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मात्र तीन पानी उत्तर पाठवले, आमचा एक आक्षेप मान्य केला, दोन खोडून काढले आणि आम्ही वापरलेली आवृत्ती जुनी असल्याचे दाखवून दिले. नवी आवृत्ती आम्ही ग्रंथालयातून आणली आहे. पुढच्या बैठकीत पहिल्यांदा तीच उघडायची आहे.